शाळेचा शिक्का

कन्या घरीच शिकलेली असल्यामुळे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांसाठी एकच असलेल्या 'कॉमन ॲप' अर्जातील, एरवी शाळेचा समुपदेशक भरतो तो अहवाल आज इंदूरच्या सुदामानगरातील आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, मलाच भरावा लागला. नववीपासूनचे विषय, वापरलेली पुस्तके, मूल्यमापनाची पद्धत हे सारे लिहून झाले, पण भौतिकशास्त्रापुढे श्रेणी घालताना हात धजेना. आईने दिलेल्या 'अ' श्रेणीवर परक्याने विश्वास का ठेवावा? म्हणूनच अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केलेली एसएटी किंवा एसीटी ही बाहेरची प्रवेशपरीक्षा मला आता जाच न वाटता आधार वाटते. इथल्या आयआयटीसाठी तर बारावी लागतेच. ती एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून झाली आहे. सासूबाईंनी मात्र कागद चष्म्याजवळ नेऊन एवढेच विचारले, "अगं, शाळेचा शिक्का कुठे मारणार?"