बजेट, थीम पार्क आणि दारावरची रेघ

आज अख्खा रविवार वही नि कॅल्क्युलेटर घेऊन बसलेय, थीम पार्कची ट्रिप बजेटमध्ये बसवायची म्हणून, आणि खरं सांगू का, तिकीट हा त्यातला सोपा भाग निघाला! शनिवारी महाग तेच तिकीट मंगळवारी स्वस्त, शाळा चालू असताना तर अजून खाली, म्हणजे आधी तारीख ठरवायची मग बाकीचं. पण पार्किंग, लॉकर, रांग टाळायचा वेगळा पास, आतलं खाणं... पान भरलं ना! पासवर सरळ काट मारली, गेट उघडायच्या आधीच जाऊन उभं राहिलं की पहिल्या तासात मोठ्या राइड्स उरकतात.

मग आठवलं, मोठ्या रोलरकोस्टरला साधारण 120 सेंटीमीटर तरी उंची लागते. धाकट्याला दाराला टेकवून डोक्यावर पट्टी ठेवली, पेन्सिलने रेघ मारली, 116. तेही पठ्ठ्या टाचा उचलत होता तरी!! म्हणजे निम्म्या राइड्स बंद नि तिकीट मात्र जवळपास मोठ्यांचंच.

नवरा म्हणतोय आठ-दहा महिने थांबू, या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतातच, तोवर पैसेही साठतील. धाकटा मघापासून दाराच्या चौकटीला लोंबकळतोय.