देणगीच्या आधी चेंज रिपोर्ट

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका करायची, हे २०२२च्या वार्षिक सभेत ठरलं आणि चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. पैसे कुठून येणार, हा प्रश्न होता. पण तो लवकर सुटला. एमआयडीसीतल्या एका कंपनीची तयारी होती. तिथल्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "सीएसआर-१चा नंबर पाठवता का?"

तो नंबर म्हणजे कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी. १ एप्रिल २०२१पासून तिच्याशिवाय संस्थेला सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचं, नवं काम मिळत नाही. त्यासाठी आधी आयकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी. आमच्या सीएंनी पीटीआरचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा मागितला आणि तिथेच घोडं अडलं. उताऱ्यावरच्या विश्वस्तांपैकी निम्मे देवाघरी गेलेले. निवडणुका वेळच्या वेळी झाल्या होत्या, पण त्यांचे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचे अर्ज, धर्मादाय कार्यालयात कुणी दाखलच केले नव्हते. कायदा सांगतो, बदल झाल्यापासून ९० दिवसांत.

मग प्रोसिडिंग बुकं, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या, काढली. वळणदार अक्षर, हिरवी शाई, आणि मजकूर काय, तर "सभा खेळीमेळीत पार पडली. चहापानानंतर सभेची सांगता झाली." निवडून कोण आलं, सूचक कोण, अनुमोदक कोण, पत्ता नाही. वकिलांनी कपाळाला हात लावला. सभेची नोटीस, ती पोचल्याच्या सह्या, हजेरी, ठराव, नव्यांची संमतीपत्रं, गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, शिवाय विलंब माफीचा अर्ज, असा सगळा गठ्ठा प्रत्येक निवडणुकीचा वेगळा. दाखल्यांसाठी घरोघर जावं लागायचं. एका वहिनींनी दाखला दिलाच, वर यजमानांच्या नावे कपाटासाठी देणगीही दिली. मागायला न जाता मिळालेली ती एकमेव.

धर्मादाय कार्यालयात तारखा चालू असताना आम्ही आराखड्याला हात घातला. कंपनीला टेबल-खुर्च्यांचं कौतुक नव्हतंच. त्यांचा प्रश्न होता, "तिसऱ्या वर्षी वीजबिल कोण भरणार?" कार्यकारिणीत यावर दोन बैठका भांडण झालं. फी लावायची नाही, असं म्हणणारेच खिशात हात घालायला तयार नव्हते. शेवटी, आधी प्रत्येक विश्वस्ताने आपली देणगी द्यायची, मगच गावात पावतीपुस्तक न्यायचं, असा ठराव मी रेटला. रक्कम ज्याची त्याने ठरवायची. नाराजी झाली, पण दारात उभं राहिल्यावर "तुम्ही किती दिलेत?" याला उत्तर मिळालं.

८०जी आल्यावर पॅनचा घोळ सुरू झाला. वर्ष संपलं की ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी १०बीडी फॉर्ममध्ये भरायची, तरच त्यांना प्रमाणपत्र मिळतं. पॅन मागितला की ज्येष्ठ मंडळींना सायबर फ्रॉडची शंका. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, हे सांगितलं की निम्मे ऑनलाइनकडे वळतात. आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर ८०जीची वजावट मिळतच नाही, हेही सांगावं लागतं. लपवण्यात अर्थ नाही, पुढच्या वर्षी त्याच दारात जायचं असतं.

अभ्यासिका सुरू झाली. आता घटनादुरुस्तीचा विषय अजेंड्यावर आहे: सलग तीन सभांना गैरहजर राहिल्यास विश्वस्तपद रिक्त. दोघांनी लेखी विरोध कळवलाय. सभेला येणार का, ते कळवलेलं नाही.