काळ्या मातीतून आलेली गाडी धुताना: माझा अनुभव

सातपुड्याच्या पायथ्याला मुरमाड वाटेवर गाडी फिरवली तर धुण्याचं काम फार नसतं. पाणी लागलं की मुरूम आपोआप खाली येतो. खरी परीक्षा तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीची. चोपडा तालुक्यातलं आमचं केळीचं शेत याच काळीत आहे. पावसाळ्यात पाणंदीतून थार बाहेर काढायची म्हणजे फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर) टाकून, गुरगुरत, आडवीतिडवी होत. डांबरीला लागेपर्यंत दारांच्या निम्म्यापर्यंत थर बसलेला असतो आणि फूटस्टेपवर तर हरभरा पेरावा एवढी माती.

ही माती बसाल्टचा खडक झिजून तयार झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. गाडीच्या पत्र्यावरही ती तशीच वागते. वाळताना आकसते आणि पोटात घेतलेले वाळूचे, मुरमाचे कण रंगाशी घट्ट दाबून धरते. त्यावर कोणी कोरडं फडकं किंवा गोणपाट फिरवलं की ते कण रंगावरून फरफटत जातात. रंगाच्या वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. माझी गाडी काळी. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की बॉनेटवरचा एकेक गोल ओरखडा मोजून घ्यावा. चिखलाने रंग जात नाही, घासण्याने जातो, हे माझं पक्कं मत आहे.

शेतात आपण वापसा येण्याची, म्हणजे ओली माती कामाजोगी सुकण्याची, वाट बघतो. गाडीवर मात्र वापसा येऊ द्यायचा नाही, माती ओली असतानाच पाणी मारायचं. शेतातून परतायला रात्र झाली तरी मी निदान पाइपाने गाडी भिजवून ठेवतो. आणि वाळलीच, तर नखाने पोपडे काढायचे नाहीत. साध्या पाण्याने भिजवायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, परत भिजवायचं. फुगली की ती स्वतःच पकड सोडते.

आमच्याकडे बरेच जण फवारणीच्या एचटीपी पंपानेच गाड्या धुतात. पंप वाईट नाही, पण त्याच्या नळीत आणि ड्रममध्ये तणनाशकाचा, कीटकनाशकाचा अंश राहिलेला असतो. ते अंगावरही नको आणि रंगावरही नको. मी धुण्यासाठी वेगळा प्रेशर वॉशर घेतला. असल्या छोट्या मशीनचा दाब 100 ते 130 बारपर्यंत जातो, म्हणून पंख्यासारखी फवारणारी नोझल लावायची आणि पत्र्यापासून हातभर लांब धरायची. जिथे आधीच रंगाचा टवका उडालाय तिथे जवळून धार मारली तर टवका मोठा होतो. रेडिएटरवर तर जोराची धार मारूच नये, त्याच्या पातळ पात्या दुमडतात आणि मग इंजिन तापायला लागतं. तिथे बागेच्या पाइपाचं मंद पाणी पुरतं. अल्टरनेटर, वायरिंगचे जोड आणि हवा ओढणारं तोंडही धारेपासून दूर ठेवायचं.

सुरुवात खालून करायची. चाकांच्या कमानी, सस्पेन्शन, चॅसिसच्या आतल्या कडा. चॅसिसला पाणी निथळायला भोकं असतात, ती काळ्या मातीने बुजली की ओल आत कोंडते आणि गंज आतून धरतो. मी तार घालून ती मोकळी करतो. वरचा भाग चकचकीत आणि खाली किलोकिलोने माती, अशा गाड्या आमच्या गावात पुष्कळ आहेत. माझ्या लेखी ती गाडी धुतलेली नाही.

मग दोन बादल्या घ्यायच्या. एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, टपापासून खाली सरळ हात फिरवायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा, मग परत शॅम्पूत. खालचा मळका भाग शेवटी. कपड्यांची पावडर वापरायची नाही, ती चिखलाबरोबर वॅक्सही धुऊन नेते. मी हे सगळं सावकाश करत असताना काका खाटेवरून म्हणाले, "काय रे भाऊ, गाडी धोई ऱ्हायना का नवरदेवले हयद लाई ऱ्हायना?" आता ते रोज विचारतात.

पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. ठिबकच्या ड्रिपरमध्ये जे पांढरे क्षार बसतात, तेच रंगावर वाळून गोल डाग पाडतात. म्हणून भर उन्हात धुवायचं नाही आणि गाडी आपोआप वाळू द्यायची नाही. जाड टॉवेल पत्र्यावर ठेवून पाणी टिपून घ्यायचं. शेवटच्या पाण्याला मी पन्हाळीखाली साठवलेलं पावसाचं पाणी वापरतो. त्यात क्षार जवळपास नसतातच. जुने डाग असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढंच पाणी घालून फडक्याने लावायचं आणि लगेच धुऊन टाकायचं. ठिबक साफ करायचं ऍसिड घरात असतं म्हणून ते रंगावर लावायचा मोह कोणाला झाला, तर कृपा करा आणि ती बाटली परत ठेवा.

केळीवाल्यांची एक जादा डोकेदुखी म्हणजे चीक. ताजा असताना पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की तपकिरी-काळा पडतो. शर्टावरचा डाग जन्मभर जात नाही हे घरोघरी माहीत आहे. गाडीवर पडला तर ओला असतानाच शॅम्पूने काढावा. चिकटून खरखरीत झाला असेल तर क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) शॅम्पूच्या पाण्यात बुळबुळीत करून हलक्या हाताने फिरवावा. क्ले खाली पडला तर परत वापरू नये, त्याला लागलेली रेती रंगात उतरते.

गाडी पूर्ण कोरडी झाली की सावलीत वॅक्स. मी कार्नोबा वॅक्स लावतो. ते ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. पातळ हात द्यायचा, धुरकट झालं की पुसून काढायचं. आमच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात ते फार टिकत नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर एक थर मी चुकवत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी माती नुसत्या पाण्यानेच बरीच उतरते, म्हणजे घासणं कमी. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, पण बाभळीच्या काट्यांचे ओरखडे ते अडवत नाही. त्यासाठी पारदर्शक संरक्षक फिल्म हवी. अख्ख्या गाडीला ती लावायचा खर्च मला पटत नाही. पाणंदीत काटे लागतात त्या दारांच्या खालच्या भागाला आणि मागच्या मडगार्डला लावली, तर पैसे वसूल होतात.

खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारायचा सल्ला प्रत्येक धुलाईवाला देतो. मी नाही म्हणतो. रबराचे बुश त्याने फुगून खराब होतात, आणि त्या तेलकटपणावर पुढची माती आणखी चिकटते. त्याऐवजी प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनचा जोर चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, निपलांमध्ये ग्रीस गनने नवं ग्रीस भरतो, जुनं मातीचं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

शेवटी चाकं. रिमच्या आतल्या बाजूला माती एकीकडे वाळून बसली तर चाकाचा तोल जातो आणि वेगात स्टीअरिंग थरथरतं. लोक अलाइनमेंट करायला धावतात, काम असतं खराट्याच्या काडीचं. ती माती काढली की बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर एक फेरी मारून येतो. ब्रेक हलके दाबत गेलं की ड्रममधलं पाणी उडतं, आणि 80 च्या वेगाला स्टीअरिंग स्थिर असेल तर गाडी शेडमध्ये लावतो.