टायर नवा, पण बनला कधी?

आज दुकानात दिवसभर एकच प्रश्न: "टायर नवाच आहे ना?" अहो, न वापरलेला म्हणजे ताजा असं नसतं. बसवायच्या आधी टायरच्या बाजूच्या भिंतीवर 'डीओटी' (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३२२४ म्हणजे २०२४चा ३२वा आठवडा, ऑगस्टचा पूर्वार्ध.

हे आकडे कित्येकदा एकाच बाजूला असतात, दुसरीकडे ओळ अर्धवट. आकड्यांची बाजू आत गेली की मोबाइलची बत्ती घेऊन गाडीखाली वाका! म्हणून टायर सुटा असतानाच बघा, आणि चारही बघा. एकाच बिलात दोन वेगळ्या सालांचे निघू शकतात.

नुसतं पडून राहिलं तरी हवा आणि उष्णतेने रबर कडक होतं. नक्षी शाबूत, पण ओल्या रस्त्यावर पकड कमी, बाजूला केसासारख्या भेगा. वर चोपडलेलं पॉलिश त्या झाकतं. फडक्याने पुसून बघा.

सावलीत नीट ठेवलेला सहा-आठ महिन्यांचा टायर खुशाल घ्या. दोन वर्षांपलीकडचा, सवलत कितीही असो, मी तरी घेणार नाही. आणि हो, डिकीतली स्टेपनी! तिची नक्षी कोरी असते, त्यामुळे वय कुणी बघतच नाही.