हातोड्याचं दुसरं तोंड

बाजारात किलोभराचा हातोडा सहज मिळतो. तरी मी माझे हातोडे स्वतः घडवतो, कारण बाजारातल्या हातोड्याची पीन, म्हणजे तोंडाच्या मागचं निमुळतं टोक, मला पटत नाही. फार अरुंद असते. तापल्या लोखंडात तिच्या घावाने खोल खाच पडते, पुढच्या घावांनी खाचेच्या कडा एकमेकींवर मिटतात आणि कोयत्याच्या पात्यात ती घडी तशीच राहते. पुढे तडा जातो तो तिथूनच. माझ्या पीनची धार मी करंगळीएवढी जाड आणि गोल ठेवतो.

लोखंड सरकतं ते पीनच्या धारेला काटकोनात. आकार ठरवताना मी एवढंच बघतो. क्रॉस पीनची धार दांड्याला आडवी. दांडा पट्टीच्या रेषेत धरला की पट्टी लांबते, आडवा धरला की रुंदावते. स्ट्रेट पीनचं याच्या उलट. बॉल पीन, म्हणजे गोळ्यासारखी गोल पीन, लोखंड चहूकडे पसरवते; रिव्हेटचं डोकं बसवायला ती हवीच, पातं ओढायला नको.

आमची ऐरण लाकडाच्या ओंडक्यात, जमिनीलगत बसवलेली. खाली बसून काम करताना डाव्या हातातली सांडशी आणि उजव्या हातातला हातोडा ऐरणीवर तिरके येऊन भेटतात. क्रॉस पीनने पट्टी लांबवायची तर दर घावाला कोपर वळवून घ्यावं लागतं, आणि संध्याकाळी तेच ठणकतं. म्हणून लांबवण्यासाठी माझ्याकडे तिरक्या पीनचा हातोडा आहे, धार दांड्याशी ४५ अंशांत. हात जसा येतो तसा येऊ द्यायचा, धार आपोआप पट्टीला आडवी बसते. डावखुऱ्या माणसाला मात्र ती उलट्या बाजूला तिरकी लागते. आणि कोयत्याचं पातं रुंद करायला मी क्रॉस पीनच घेतो.

हातोड्यासाठी माल ईएन ८ नावाचं पोलाद, कार्बन सुमारे ०.४ टक्के. ४० मिमी चौरस बारचा १०० मिमी तुकडा सव्वा किलोच्या आसपास भरतो. जुन्या एक्सलचं पोलाद नेमकं कोणतं हे कळत नाही, म्हणून ते मी टाळतो. दांड्याचं भोक दोन्ही बाजूंनी सुंभ्याने, म्हणजे भोक पाडायच्या पोलादी खुंटीने, पाडायचं, मधे भोकात चिमूटभर कोळशाची भुकटी टाकायची, म्हणजे सुंभा अडकत नाही. समोरून घण मारणारा माणूस जाणता हवा. सुंभा एकदा तिरका गेला की दांडा कधीच सरळ बसत नाही.

पाणी देताना, म्हणजे लाल तापलेला हातोडा झटकन थंड करून कडक करताना, तोंड नुसतं बादलीत बुडवू नये. सपाट तोंडाखाली वाफ अडकते आणि मध्य मऊ राहतो. मी वरून पाण्याची जोरदार धार सोडतो, आधी तोंडावर, मग पीनवर. नंतर ठिसूळपणा कमी करायला दोन्ही टोकं घासून चकचकीत करायची आणि लालभडक तापवलेला सुंभा भोकात घालून ठेवायचा. उष्णता मधून टोकांकडे जाते, गाल, म्हणजे भोकाच्या दोन्ही बाजू, मऊ राहतात. तापताना चकचकीत पोलादावर रंग चढतो; पीन बारीक, तिच्यावर तो आधी धावतो. गवती पिवळा दिसला की तेवढंच टोक पाण्यात धरायचं आणि तोंडाचा रंग येईपर्यंत थांबायचं.