बँड

सोमवार, रात्री साडेअकरा

ब्लॉट (पेशींत एखादं प्रथिन किती उरलंय ते काळ्या पट्टीच्या, म्हणजे बँडच्या, जाडीवरून दाखवणारी चाचणी) डेव्हलप केला आणि दोन मिनिटं खुर्चीतून उठवेना. पेशींवर आमचा रेणू टाकला त्या शून्य तासाला जाड काळा बँड, दोन तासांना फिकट, चारला पुसट, आठला काहीच नाही. चौदा महिने ज्या प्रथिनाच्या मागे हात धुऊन लागले आहे, ते आठ तासांत गायब. (नाव इथे लिहीत नाही. आधी पेपर, मग बढाई, असा सरांचा दंडक आहे.)

हे प्रथिन कर्करोगाच्या पेशींना फोफावायला मदत करतं आणि अंगाने अगदी गुळगुळीत आहे. नेहमीच्या औषधांना प्रथिनावर एखादा खळगा लागतो. त्यात ठाण मांडून बसायचं आणि प्रथिनाचं काम अडवायचं, ही त्यांची रीत. इथे खळगाच नाही. म्हणून आम्ही दोन टोकांचा रेणू केला. एक टोक आमच्या प्रथिनाला नुसतं चिकटतं, दुसरं सेरेब्लॉनला. सेरेब्लॉन पेशीचंच आहे. एखाद्या प्रथिनाला 'हे मोडीत काढा' अशी खूण लावणाऱ्या यंत्रणेचा तो एक भाग. माणसाच्या पेशीत अशी खूण लावणाऱ्या एंझाइम्सचे सहाशेहून जास्त प्रकार आहेत, सेरेब्लॉनचा गट त्यातला एक. दोघांना शेजारी आणून उभं करायचं, पुढचं पेशी करते. ही युक्ती क्रूज आणि डेशाईज यांनी 2001 मध्ये पहिल्यांदा करून दाखवली आणि 2019 मध्ये असा पहिला रेणू रुग्णांपर्यंत पोचला.

ती खूण म्हणजे युबिक्विटिन, अवघ्या 76 अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. एकामागे एक अशी त्याची साखळी लागली की प्रोटिआसोम नावाचं पिंप ते प्रथिन आत ओढून त्याचे तुकडे करतं. हे उलगडल्याबद्दल चिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. घरी कुणालाही सांगितलं की लगेच, ''म्हणजे घंटागाडी!'' मला ते पटत नाही. घंटागाडीत गेलेलं परत येत नाही. हा रद्दीवाला आहे. तुकड्यांची अमिनो आम्लं होतात आणि त्यांतून पेशी नवी प्रथिनं करते. आणि युबिक्विटिनची साखळी पिंपाच्या तोंडाशीच सोडवून बाजूला काढतात, पुन्हा वापरायला. आई रद्दीच्या गठ्ठ्याची सुतळी सोडवून डब्यात ठेवते तशी. तिचा तो पारले-जीचा डबा मी शाळेत होते तेव्हापासून आहे.

झोप येणार नाहीये. उद्या सरांना दाखवते.

मंगळवार

चोवीस तासही टिकला नाही आनंद.

सरांनी ब्लॉट उजेडाकडे धरला आणि पहिला प्रश्न, ''अ‍ॅक्टिन कुठाय?'' अ‍ॅक्टिन हे प्रथिन पेशीत कायम असतं. तो बँड सगळ्या रकान्यांत सारखा दिसला, तरच सगळीकडे सारखा माल भरला असं म्हणता येतं. काल घाईत मी तो बघितलाच नव्हता. प्रथिन मोजलं नव्हतं, सारखे मायक्रोलिटर घेतले आणि भरले. मेम्ब्रेनला पॉन्सोचा लाल रंग द्यायचाही आळस केला. दुपारी अ‍ॅक्टिन लावलं. आठ तासांना तेही जवळजवळ नाही.

मग बाकीचं भराभर कोसळलं. मुद्दाम बिघडवलेला जुळा रेणू असतो. सेरेब्लॉनच्या टोकाला एक मिथाइल जोडलेला, त्यामुळे त्याला सेरेब्लॉन धरताच येत नाही. त्याच्या रकान्यात बँड शाबूत राहायला हवा होता, तर तिथेही गेलेला. प्रोटिआसोम बंद पाडणारं एमजी-132 टाकलं की बँड परत यायला हवा, तो आला नाही. म्हणजे आमचं प्रथिन कुणी मोडीत काढलंच नव्हतं. पेशीच मेल्या होत्या. रविवारी लायसिस करण्याआधी, म्हणजे पेशी फोडण्याआधी, फ्लास्क एकदा सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता तर सुटून तरंगणारे गोल गोल ठिपके दिसले असते. चौदा महिन्यांत शंभरदा ज्युनियरना सांगितलंय, आधी पेशी बघा.

माझाच बँड वाजला, असं लॅबमध्ये म्हणून घेतलं. सगळे हसले. मीही.

सर ओरडले नाहीत. डोस किती, म्हणाले. दहा मायक्रोमोलर. ''शंभर पट कमी करा आणि चार तासांत थांबा.'' संध्याकाळी नव्या पेशी लावून घरी.

बुधवार

सकाळी सातला पेशींवर रेणू, अकराला लायसिस. या वेळी आधी पाहिल्या. चिकटलेल्या, टवटवीत. प्रथिन मोजलं, जेल, ट्रान्सफर, पॉन्सो, मग दूध पावडरीच्या पाच टक्के द्रावणात मेम्ब्रेन तासभर, मग कोल्ड रूममध्ये अँटिबॉडीत रात्रभर. सगळं धावतपळत, कारण आज पालख्या येणार आणि दुपारनंतर रस्ते बंद. (ते दूध पावडरीचं पाकीट कोपऱ्यावरच्या वाण्याकडचं. कुठल्याच अनुदानाच्या हिशेबात ते कधी बसवता आलेलं नाही.)

पाषाणहून स्कूटर लॉ कॉलेज रस्त्यापर्यंत नेली, पुढे चालत. मावशीकडे राजगिऱ्याचे लाडू घेऊन जायचं होतं. लक्ष्मी रस्त्यावर वारकऱ्यांना लाडू वाटायचा तिचा तीस वर्षांचा नेम. यंदा डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली आहे, म्हणून ती खिडकीत आणि मी खाली पिशवी घेऊन. वरून सूचना सुरूच. ''अगं, त्या तुळशीवाल्या आजींना दोन दे!''

मावशीला मल्टिपल मायलोमा आहे. अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. एकाच पेशीची पिलावळ वाढते आणि सगळी एकच अँटिबॉडी बनवत सुटते. रक्ताच्या तपासणीत त्याला एम बँड म्हणतात. हे मला नीट माहीत होतं, पण तिने फाइल उघडून आलेख समोर धरला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की आम्ही दोघी एकाच गोष्टीची वाट बघतोय. एक बँड जाण्याची. निदानाच्या वेळी लिंगाण्यासारखा सुळका होता. आता पर्वतीएवढंही टेकाड नाही.

''आणि हे कुणी केलं, ही एवढीशी कॅप्सूल,'' म्हणाली. लेनालिडोमाइड. एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस सुट्टी. नुसती कॅप्सूल नाही, सुरुवातीला तिच्या जोडीला बोर्टेझोमिबची, म्हणजे प्रोटिआसोम बंद पाडणाऱ्या औषधाची, इंजेक्शनंही झाली आहेत, पोटावर. त्यांनी तिच्या तळपायांना अजून मुंग्या येतात.

तिला सांगावं की नाही, कळेना. माझ्या दोन टोकांच्या रेणूचं सेरेब्लॉनकडचं टोक तिच्या कॅप्सूलच्या घराण्यातलंच आहे. आमच्या मायनस एटी फ्रीझरमध्ये पोमॅलिडोमाइडची कुपी आहे. या दोघींची थोरली बहीण थॅलिडोमाइड. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचं औषध म्हणून विकायला आलं, गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं, आणि 1961 मध्ये मागे घेईपर्यंत दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी या बाईंनी सही करायला नकार दिला म्हणून तिथे ते बाजारात आलं नाही. त्या काळी उंदरांवर हे व्यंग दिसलं नव्हतं. त्याचं एक कारण फार पुढे कळलं. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये एका जागी व्हॅलिनऐवजी आयसोल्यूसिन आहे. एका अमिनो आम्लाचा फरक. मी जेव्हा जेव्हा ती रचना पडद्यावर उघडते तेव्हा त्या जागेवर आधी जाते.

मग 1964 मध्ये जेरुसलेमला शेस्किन नावाच्या डॉक्टरांनी झोप न येणाऱ्या एका कुष्ठरुग्णाला तेच दिलं, तर त्याच्या अंगावरच्या वेदनादायक गाठीच बसल्या. 1999 मध्ये मायलोमावर गुण आल्याचं प्रसिद्ध झालं. तेव्हा समजूत अशी, की ते कर्करोगाच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखतं. सेरेब्लॉनचा पत्ता लागला 2010 मध्ये, जपानमध्ये. इतो आणि हांडा यांनी बारीक मण्यांवर थॅलिडोमाइड बांधलं आणि पेशींच्या रसात गळ टाकावा तसं टाकलं. आणि लेनालिडोमाइड सेरेब्लॉनला फितवून इकारॉस आणि आयोलॉस ही दोन प्रथिनं मोडीत काढायला लावतं, हे समजलं 2014 मध्ये. तोवर ते आठ वर्षं मायलोमाला दिलं जात होतं. परिषदांमध्ये 'तर्काने घडवलेलं औषध' हे शब्द कानावर पडले की मी हल्ली चहा घ्यायला उठते.

शेवटी सांगितलं. सोपं करून. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ''म्हणजे हे औषध मध्यस्थ आहे. मुलीकडच्यांचा एक हात, मुलाकडच्यांचा एक हात.'' मावशीने अकरा लग्नं जमवली आहेत, त्यातलं एक माझ्या मामाचं.

''हो. आणि जमवून झालं की मोकळं, दुसऱ्या स्थळाकडे जायला. म्हणून थोडं औषध पुरतं.''

''आणि मध्यस्थच जास्त झाले तर?''

मी थबकले. आमच्याकडे याला हुक इफेक्ट म्हणतात. रेणू भरमसाट टाकले की प्रत्येक प्रथिनाला एक एक चिकटतो, प्रत्येक सेरेब्लॉनलाही एक एक, आणि दोघांना एकत्र आणणारा कुणी उरतच नाही. जास्त औषध, कमी परिणाम. हे मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात समजलं. दहा मायक्रोमोलरला मी नेमका हाच गाढवपणा केला होता, वर पेशीही मारल्या.

''कुसुमच्या वेळी तेच झालं,'' मावशी म्हणाली. ''एक मध्यस्थ त्यांचा, एक आपला. दोघं आपापल्या घरी बसून राहिले.''

गरोदर राहणार नाही अशी तिची सही घेतली होती म्हणे कॅप्सूल देताना. वय वर्षं एकाहत्तर. हे सांगताना ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सहीमागची दहा हजार बाळं तिला मी मघाशीच सांगितली होती, त्यामुळे हसणं मध्येच थांबलं आणि ती खाली रस्त्याकडे बघत राहिली. पालखी पुढे गेली होती. झाडूवाले आले होते.

बुधवारची रात्र, दीड

मावशीचा फोन. आज डेक्साचा वार, आठवड्यातून एकदा पाच गोळ्या. स्टेरॉइड असल्यामुळे त्या रात्री तिला झोप नाही. मागच्या आठवड्यात तिने रात्रीतून माळा आवरला होता. आज प्रश्न होता. ''तुझं ते पिंप ना, ते इंजेक्शन बंद पाडतं म्हणालीस. आणि कॅप्सूलला तर तेच पिंप चालू लागतं. मग दोन्ही एकदम कशी दिली मला?''

हा प्रश्न आमच्या जर्नल क्लबमध्ये कुणी विचारला असता तर त्याला समोसा जास्त दिला असता. सांगितलं, की इंजेक्शनने पिंप पूर्ण बंद पडत नाही आणि कायमचंही नाही. काही काळ मंदावतं, पुन्हा चालू होतं. मायलोमाच्या पेशी रात्रंदिवस अँटिबॉडी बनवतात, त्यांच्याकडे मोडीचा माल आधीच इतका साठलेला, की तेवढा तुंबाराही त्यांना सोसत नाही.

''नवरात्रात मोरी तुंबते तसं,'' म्हणाली, आणि करंज्या करायला घेऊ का विचारलं. नको म्हटलं.

गुरुवार

अ‍ॅक्टिन सगळीकडे सारखं. बिघडवलेल्या जुळ्याच्या रकान्यात बँड शाबूत. शंभर नॅनोमोलरला आमच्या प्रथिनाचा बँड साधारण निम्मा, एमजी-132 टाकलेल्या रकान्यात परत आलेला. सोमवारच्या ब्लॉटपुढे हा अगदीच बेताचा दिसतो. सरांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ''आता हेच अजून दोनदा.''

म्हणजे रविवारीही यावं लागणार. पेशींना मीडिया बदलून ठेवला. ट्यूबवर तारीख घातली.

येताना मावशीकडे डोकावले, लाडवांचा डबा परत न्यायला. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ती रोजच्या कॅप्सूलची फुली मारते, लाल पेनने, सणांच्या बारीक अक्षरांवरून. सोळा फुल्या झाल्या आहेत. आषाढी एकादशीच्या चौकोनात तिने फुलीसाठी कोपरा सोडून ठेवला आहे.