रेसिंग सूट घेताना: आधी इव्हेंट, मग माप, ब्रँड सगळ्यात शेवटी

राज्य स्पर्धा जवळ आली की पालकांचा आणि नव्या पोहणाऱ्यांचा एकच प्रश्न सुरू होतो: रेसिंग सूट, म्हणजे शर्यतीत घालायचा घट्ट पोहण्याचा पोशाख, अरीनाचा घ्यायचा की स्पीडोचा? त्यावर उलट विचारावं लागतं, मुख्य इव्हेंट कुठला? ५० मीटर फ्रीस्टाइल मारणाऱ्या मुलाला जो सूट उत्तम, तोच २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकवाल्या मुलीला शेवटच्या पन्नास मीटरमध्ये अडवू शकतो. दोन्ही सूट महाग असतात, मान्यताप्राप्त असतात, दोन्हीवर मोठ्या कंपनीचं नाव असतं. फरक असतो तो कापड कुठल्या दिशेला ताणतं आणि कुठल्या दिशेला ताणायला नकार देतं यात.

आजचे सगळे वरच्या दर्जाचे सूट एकाच चौकटीत बनतात, हे आधी लक्षात घ्या. फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडोचा एलझेडआर रेसर आला, त्यात पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लॅस्टिकचे पट्टे होते. त्यापाठोपाठ जेकेड ०१ आणि अरीना एक्स-ग्लाइड हे सूट जवळजवळ पूर्णच पॉलियुरेथेनचे निघाले, आणि २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. तिथेच जर्मनीच्या पॉल बीडरमननं एक्स-ग्लाइड घालून २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये मायकेल फेल्प्सला हरवलं, वेळ १:४२.००. त्यानंतर फिनानं, म्हणजे जागतिक जलतरण महासंघानं (आताचं नाव वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स), दार बंद केलं. १ जानेवारी २०१० पासून सूट फक्त विणलेल्या कापडाचा, जाडी ०.८ मिलिमीटरपर्यंत, पाण्यात तरंगवणारी उचल ०.५ न्यूटनच्या आत, म्हणजे जेमतेम ५० ग्रॅम वजनाइतकी. कापडातून हवा आरपार गेली पाहिजे, त्याचंही किमान माप ठरलेलं. चेन नाही, एकावर एक दोन सूट नाहीत. पुरुषांचा सूट बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जायचा नाही. बायकांचा मान झाकणार नाही, खांद्याच्या पुढे आणि गुडघ्याच्या खाली जाणार नाही.

त्यामुळे सूट अंगाला तरंगवतो हा समज आता डोक्यातून काढून टाका. तो काळ गेला. आजचा सूट तीन कामं करतो. मांड्या, नितंब आणि पोट घट्ट धरून अंगाचा आकार सपाट ठेवतो, पाणी कापडात शिरू देत नाही, आणि कंबर-मांडीच्या भागाला आधार देऊन पाय खाली लोंबकळण्यापासून थोडं वाचवतो. पाण्याचा अडथळा वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून याचा फायदा स्टार्ट, टर्न आणि त्यानंतर दोन्ही पाय एकत्र मारायच्या डॉल्फिन किकमध्ये सगळ्यात जास्त, कारण तिथे वेग सर्वाधिक असतो. ज्याची स्ट्रीमलाइन, म्हणजे हात डोक्यावर जोडून अंग सरळ ताणणं, ढिली आहे, त्याच्या अंगावर या कापडाचा निम्मा उपयोग वाया जातो.

आता प्रत्यक्ष सूटकडे. सगळ्यांची मूळ सामग्री नायलॉन आणि इलास्टेन हा ताणणारा धागा. अरीनाच्या कार्बन मालिकेत कापडात कार्बनचे धागे जाळीसारखे विणलेले असतात. कापड एका मर्यादेपर्यंत ताणतं आणि मग ते धागे ते रोखून धरतात. कार्बन-एअर २ हा यातला हलका आणि सोशिक. घालायला तुलनेनं सोपा, कुठल्याही स्ट्रोकला चालतो, आणि पहिला महागडा सूट घेणाऱ्याला मी हाच सुचवतो. कार्बन-कोर एफएक्समध्ये आतून दुसरा थर आहे. तो पोट आणि मांड्या आवळून धरतो. ज्यांची कंबर शर्यतीच्या उत्तरार्धात खाली जाते, त्यांना हा आधार जाणवतो. पण ज्यांचं पोट आणि पाठ मुळातच मजबूत आहे त्यांना तो नुसता जड वाटतो.

स्पीडोमध्ये प्युअर इंटेंट आणि प्युअर व्हॅलर ही जोडी समजून घ्यावी. इंटेंटमध्ये वेगवेगळ्या पोताची कापडं जोडलेली असतात, काही भाग शार्कच्या कातडीवरून घेतलेल्या खरखरीत पोताचे. आवळणं जास्त, ताण मुख्यतः एकाच दिशेला. स्प्रिंटसाठीचा सूट. व्हॅलर हलका, शिवणी कमी, नितंबाच्या सांध्याला मोकळा. दोघांच्या २.० आवृत्तीत लॅमोरल नावाचं पाणी झटकणारं कोटिंग आहे. नवा असताना त्यावर पाणी थेंब थेंब होऊन घरंगळतं, तेवढ्या पाण्याचं ओझं अंगावरून कमी होतं.

मिझुनोचा जीएक्स-सोनिक दोन प्रकारांत मिळतो: एसटी म्हणजे स्प्रिंटर आणि एमआर म्हणजे मल्टी रेसर. एसटी अतिशय ताठ. चढवतानाच कळतं की हे कापड मागे हटणारं नाही. ताकदवान किक असलेल्या ५०-१०० वाल्यांना तो आवडतो. किक कमजोर असेल तर पाय सूटशी झगडण्यातच दमतात. टीवायआर व्हेंझोचं कापड गुळगुळीत आणि हलकं, नितंबाला मोकळं. ज्यांना आवळलेलं सहन होत नाही त्यांनी तो घालून बघावा.

इव्हेंटप्रमाणे माझं मत असं. ५० आणि १०० फ्रीस्टाइल किंवा बटरफ्लाय: ताठ सूट. २०० आणि त्यापुढे: लवचिक सूट, कारण तिसऱ्या पन्नासनंतर मांड्यांत रक्त साचल्यासारखं जडपण येतं, आणि ताठ सूट ते वाढवतो. बॅकस्ट्रोकवाल्यांनी स्टार्टची स्थिती घेऊन बघावं. दांडा धरून गुडघे छातीशी घेताना पायाची किनार मागून करकचत असेल तर उडी आखूड पडणार.

ब्रेस्टस्ट्रोकबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुकीची खरेदी तिथे होते. या किकमध्ये टाच नितंबाकडे येते, मग पाऊल बाहेर वळतं आणि मांडी आतून फिरते. म्हणजे सूटनं मांडीच्या आतल्या बाजूला आडवं ताणलं पाहिजे. स्प्रिंटचा ताठ सूट तिथेच अडवतो. मग दोनपैकी एक होतं: टाच पूर्ण वर येत नाही आणि किक आखूड पडते, किंवा टाच वर आणण्यासाठी गुडघे पोटाखाली ओढले जातात आणि मांड्या पाण्यात भिंतीसारख्या उभ्या राहतात. बाहेरून कोचला वाटतं की पोरगी दमली. खरं तर सूट चुकला. तपासायची रीत सोपी आहे. कोरड्यावर सूट घालून पालथं झोपा, कोचला टाचा नितंबापर्यंत आणून बाहेर वळवायला सांगा. आधी साध्या कॉस्च्यूममध्ये, मग रेसिंग सूटमध्ये. कोन स्पष्ट कमी झाला तर तो सूट ब्रेस्टसाठी नाही. मेडले, म्हणजे चारही स्ट्रोकची शर्यत, मारणाऱ्यांनीही सूट ब्रेस्टच्या हिशेबानंच निवडावा, बाकी तीन स्ट्रोक लवचिक सूटमध्ये निभावतात.

मुलींच्या नीस्किनमध्ये, म्हणजे खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच्या सूटमध्ये, आणखी एक निवड असते, ओपन बॅक की क्लोज्ड बॅक. क्लोज्ड बॅक पाठ जास्त झाकते, धड घट्ट धरते, पण चढवायला अवघड आणि खांदे रुंद असतील तर हात डोक्यावर नेताना काखेखाली ओढते. बहुतेकींना ओपन बॅकच जमते.

माप घेताना सरावाच्या कॉस्च्यूमचा आकडा विसरा. सूटवरचा २४, २६, २८ हा आकडा कंबरेच्या इंचांशी जुळेलच असं नाही, आणि अरीनाचे युरोपी आकडे पूर्ण वेगळे असतात. मुलांची कंबर, नितंबाचा सगळ्यात रुंद भाग आणि मांडी मोजा. मुलींची छाती, कंबर, नितंब आणि धडाचा घेर: टेप एका खांद्यावरून पुढून खाली, दोन पायांमधून मागे, परत त्याच खांद्यावर. हा शेवटचा आकडा लोक मोजत नाहीत आणि मग खांद्याचे पट्टे मांसात रुततात. माप दोन आकड्यांच्या मधोमध आलं तर स्प्रिंटरनं लहान, दोनशेवाल्यानं मोठा घ्यावा. वाढत्या वयाच्या मुलांचं माप चार महिन्यांपूर्वीचं असेल तर ते धरू नका.

सूट बरोबर बसला आहे हे कसं ओळखायचं? कमरेच्या खोलगट भागात कापड आणि कातडीमध्ये पोकळी नको, कारण डाइव्ह मारल्यावर तिथे पाणी शिरतं आणि पिशवी होते. जांघेत सुरकुत्या नकोत. मांडीच्या किनारीत दोन बोटं सहज जात असतील तर सूट मोठा आहे. उभं राहून दोन्ही हात वर नेऊन स्ट्रीमलाइन करा. सूट तुम्हाला पुढे वाकवत असेल, शिवणी पांढऱ्या पडत असतील किंवा दहा मिनिटांत पायाला मुंग्या येत असतील तर तो लहान आहे.

चढवायला १५ ते २० मिनिटं धरा, पहिल्यांदा जास्त. अंग पूर्ण कोरडं हवं, तेल-लोशन अजिबात नको. नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या. पायावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय सूटमध्ये घाला, बाहेर आल्यावर पिशवी ओढून काढा. किनार आधी गुडघ्याच्या वर, तिच्या अंतिम जागी बसवा. मग बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही, कापडाची छोटी चिमटी घेऊन एक-दोन इंच वर सरकवा, एकदा डावी मांडी, एकदा उजवी. जांघेचा भाग पूर्ण वर बसल्याशिवाय नितंबावरून ओढायचं नाही. सगळ्यात जास्त सूट फाटतात ते इथेच: मांडीवर कापड कमी चढलेलं असतं आणि घाईत कमरेच्या पट्टीला धरून जोर लावला जातो. आजच्या सूटमध्ये बरेच जोड शिवलेले नसून चिकटवलेले असतात, ते एका बिंदूवर आलेला ताण सोसत नाहीत. मुलींनी खांद्याचे पट्टे अगदी शेवटी घ्यावेत, आणि मदत करणारीनं पट्टा न ओढता पट्ट्याखालचं कापड दोन्ही हातांनी उचलावं.

वॉर्मअप साध्या कॉस्च्यूममध्येच करा. क्लोरीन इलास्टेन खातं, त्यामुळे पाण्यातली प्रत्येक मिनिटं सूटच्या आयुष्यातून वजा होतात. साधारण दहा-पंधरा शर्यतींनंतर वरच्या दर्जाचा सूट आपलं आवळणं गमावू लागतो. थेंब घरंगळण्याऐवजी कापड ओलं होतं, बसण्याचा भाग पातळ दिसू लागतो. असा सूट हीट्ससाठी, म्हणजे प्राथमिक फेऱ्यांसाठी, ठेवा, नवा फायनलला. शर्यत झाली की गार, गोड्या पाण्यात धुवा, साबण नको, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट पसरा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तो दिवसभर ओला राहतो, तेव्हा पंख्याखाली ठेवा, हेअर ड्रायर लावू नका. तलावाच्या खरखरीत काठावर बसू नका, एका बसण्यात कापडाला गोळे येतात. मालवणच्या चिवला बीचसारख्या समुद्री स्पर्धेत हा सूट वापरूच नये. वाळू आणि मीठ त्याला संपवतात.

किमतीचं बोलायचं तर वरच्या दर्जाचा जॅमर, म्हणजे मुलांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा सूट, अमेरिकेत साधारण २५० ते ४५० डॉलर, नीस्किन ४०० च्या पुढे. इथे येईपर्यंत कस्टम आणि कुरिअर वाढतं. म्हणून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो घेऊ नका, असं मी ठामपणे सांगतो. अमेरिकेच्या जलतरण महासंघानं सप्टेंबर २०२० पासून या वयोगटाला टेक सूट, म्हणजे हेच वरच्या दर्जाचे रेसिंग सूट, बंदच केले. त्या वयात टर्न सुधारला तर जितका वेळ कमी होतो, तितका कुठल्याही कापडानं होत नाही. तेरा-चौदाला जिल्हा-राज्य पातळीवर अरीना पॉवरस्किन एसटी नेक्स्टसारखा प्राथमिक रेसिंग सूट भरपूर झाला.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या सूटची मान्यता तपासा. मान्यतेचं लेबल सूटवर बाहेरून दिसतं, जुन्यांवर फिनाचं, नव्यांवर वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सचं, आणि मॉडेलचं नाव त्यांच्या मान्यताप्राप्त यादीत शोधता येतं. लेबल नसेल तर रेफरी पाण्यात उतरू देणार नाही. बॅगेत जुना, पण मान्यताप्राप्त सूट कायम असू द्या. शर्यतीआधी स्पर्धकांना जमवतात त्या कॉल रूमला जायच्या पाच मिनिटं आधी शिवण उसवली तर टेप लावून चालत नाही, आणि नवा ताठ सूट पाच मिनिटांत चढत नाही. वापरून सैल झालेला जुना सूट मात्र तेवढ्या वेळात अंगावर येतो.